सोतोची जर्सी घ्यावी की सॉमरसेटचं तिकीट काढावं?

अमेरिकेत वाढणारं मूल नऊ-दहा वर्षांचं झालं, शाळेत मित्र बेसबॉलवर बोलायला लागले, की घरात दोन प्रश्न येतात: संघ कुठला आणि जर्सी कोणाची? आईवडिलांचं बालपण क्रिकेटमध्ये गेलेलं असतं, त्यामुळे नजर आपसूक मोठ्या नावांकडे जाते. ओहतानी, सोतो, जज. इथल्या मुरलेल्या प्रेक्षकांमध्ये मात्र हा वाद कधीच मिटत नाही. भरमसाट पैसे मोजून आणलेले तारे बघायचे, की आपल्याच संघाने कोवळ्या वयात निवडून घडवलेली, सॉमरसेटसारख्या खालच्या पातळीवरच्या संघात खेळणारी, फारशी कोणाला माहीत नसलेली पोरं?

आमचं मत स्पष्ट आहे. घरचा की बाहेरचा हे नंतर बघा. आधी बघा, तो किती वर्षं राहणार आहे. मुलांचा जीव जडतो तो राहणाऱ्या खेळाडूवर.

ह्वान सोतोचंच घ्या. वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला डॉमिनिकन रिपब्लिकमधून सोळाव्या वर्षी करारबद्ध केलं. २०१९ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकली तेव्हा तो अगदी घरचा मुलगा होता. ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव त्याने नाकारला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये वॉशिंग्टनने त्याला सॅन डिएगोच्या संघाला देऊन टाकलं. २०२४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या यँकीजकडून खेळला, त्यांना वर्ल्ड सिरीजपर्यंत घेऊन गेला आणि त्याच डिसेंबरात १५ वर्षांच्या ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर त्याच शहरातल्या मेट्समध्ये गेला. २०२२ ते २०२५ या चार मोसमांत त्याच्या अंगावर चार संघांच्या जर्सी आल्या. आता जरा उलट बाजू बघा. अॅरन जजला यँकीजने २०१३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड) ३२ व्या क्रमांकावर घेतलं. तो २०१६ मध्ये मुख्य संघात आला आणि २०२२ अखेर करारातून मोकळा झाल्यावरही ९ वर्षांचा करार करून तिथेच राहिला. तो ताराही आहे आणि घरचाही. म्हणून तारे विरुद्ध घरचे ही विभागणी वाटते तितकी सरळ नाही. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी ओहतानीसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा) विल स्मिथ मात्र २०१६ च्या ड्राफ्टमधून त्यांच्याच मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवरच्या उपसंघांत, तयार झालेला आहे.

प्रेक्षक नक्की कशाला पैसे देतात? डॉजर्सच्या मैदानावर २०२५ मध्ये ४० लाखांहून जास्त माणसं आली, म्हणजे तारे गर्दी खेचतात यात वादच नाही. पण नुसती नावं गोळा करून भागत नाही. मेट्सने २०२३ मध्ये पगारावर तोवरचा सगळ्यात मोठा खर्च केला, ७५ सामने जिंकले, ८७ हरले आणि जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या तारखेपर्यंत शर्झर आणि व्हर्लँडर या दोन्ही दिग्गज पिचरना (चेंडू टाकणाऱ्यांना) दुसरीकडे पाठवून दिलं. त्याच वर्षी टॅम्पा बेने तुलनेने अनोळखी खेळाडू घेऊन ९९ सामने जिंकले, तरी वर्षभरात जेमतेम १४ लाख प्रेक्षक आले. मैदान गैरसोयीच्या जागी होतं, हे खरंच. पण खेळाडू महाग होण्याआधीच त्याला देऊन टाकायची त्या संघाची रीत आहे, आणि उद्या जाणाऱ्यावर कोण जीव लावणार? याउलट कॅन्सस सिटीत मुस्टाकस, हॉस्मर, गॉर्डन, साल्वाडोर पेरेझ ही मंडळी एकत्र वाढली, २०१५ मध्ये जिंकली आणि त्या वर्षी २७ लाखांवर लोक आले. क्लबच्या इतिहासातला तो उच्चांक होता.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांनी इथे एक नियम नीट समजून घ्यावा. मेजर लीगमधले, म्हणजे सर्वोच्च पातळीवरचे, १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. अशी सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत खेळाडूवर संघाचा हक्क असतो, त्यानंतर तो बाजारात मोकळा. साधारण तीन वर्षांनंतर पगार लवादाकडे जाऊ शकतो आणि तो झपाट्याने वाढतो. कंजूष संघ खेळाडू विकायला काढतात ते तेव्हाच. उत्तम तरुण खेळाडूला एप्रिलचे पहिले दिवस मायनर लीगमध्येच का ठेवतात, तेही यातच आहे. शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला २०१५ मध्ये असंच थांबवलं. त्याचे १७१ दिवस भरले, एक दिवस कमी पडला आणि संघाला त्याच्यावर आणखी एक मोसम मिळाला.

म्हणून नावाची जर्सी घेण्याआधी चार गोष्टी बघा. बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर खेळाडूच्या पानावर सगळ्या सापडतात: पहिला सामना कधी, सेवा किती, करार कुठल्या वर्षी संपतो, आणि तो इथे कसा आला (ड्राफ्ट, परदेशी करार, की दोन संघांतली खेळाडूंची अदलाबदल). करार संपायला दोन मोसमांपेक्षा कमी उरले असतील तर नाव घालू नका. जुलैमध्ये तर मुळीच नको, कारण अदलाबदलीची मुदत महिनाअखेरीच्या आसपास संपते. ज्याची मेजर लीगमध्ये दहा वर्षं झाली आहेत आणि त्यातली शेवटची सलग पाच याच संघात, त्याला अदलाबदल नाकारायचा हक्क असतो. तिथे निर्धास्त घ्या. नाव छापून घेतलेली जर्सी दुकानं सहसा परत घेत नाहीत आणि मूल वर्षात साइज ओलांडतं. नाव-नंबरचा साधा टी-शर्ट घेतला तर काम भागतं. यँकीजच्या खेळाडूंच्या जर्सीवर तर नाव नसतंच, फक्त नंबर. तेव्हा बिननावाची जर्सी तिथे अस्सलच.

खरा पैसा वसूल होतो मायनर लीगमध्ये. प्रत्येक मोठ्या संघाचे चार उपसंघ असतात, खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. आपली वस्ती जिथे दाट आहे तिथेच यातले बरेच आहेत. न्यू जर्सीत एडिसनहून ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्स (यँकीजचा डबल-ए), तेही रॅरिटन व्हॅली या रेल्वे लाइनच्या स्टेशनला लागून. बे एरियात सॅन होजे जायंट्स, डॅलसजवळ फ्रिस्को, ह्यूस्टनजवळ शुगर लँड, सिअॅटलजवळ एव्हरेट. ब्रिजवॉटरजवळच्याच वॉचंगमध्ये वाढलेला अँथनी व्होल्पी २०२२ मध्ये सॉमरसेटला खेळत होता; ३० मार्च २०२३ ला तो यँकी स्टेडियमवर शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षणाची जागा) उभा राहिला. एव्हरेटने २०१८ मध्ये पाहिलेल्या कॅल रॉलीने २०२५ मध्ये सिअॅटलसाठी ६० होम रन मारले. ज्या मुलाने त्याला एव्हरेटमध्ये पाहिलं, त्याला तो किती आपला वाटत असेल!

जायच्या आधी एमएलबी पाइपलाइन या संकेतस्थळावर तुमच्या संघाच्या पहिल्या ३० तरुणांची यादी काढा, त्यातले चार-पाच निवडा, आणि मुलाला वहीत नाव, नंबर, वय, मैदानावरची जागा लिहायला लावा. त्याच दिवशी सकाळी संघाची यादी पुन्हा तपासा. नाहीतर ज्याच्यासाठी गेलात तो आदल्या रात्रीच वरच्या पातळीवर गेलेला असतो आणि मूल हिरमुसतं. मालिका बहुधा मंगळवार ते रविवार सहा सामन्यांची असते, सोमवारी सुट्टी. सुरुवातीचा पिचर आठवड्यातून साधारण एकदाच येतो, तेव्हा पिचर बघायचा असेल तर जाहीर झालेला क्रम बघून दिवस निवडा. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही न्या. पिच क्लॉकमुळे (चेंडू टाकायला ठरलेल्या सेकंदांचं घड्याळ) खेळ आता रेंगाळत नाही.

तारेही इथे स्वस्तात दिसतात. दुखापतीतून सावरणारा मोठा खेळाडू सरावासाठी मायनरच्या नेहमीच्या सामन्यांत खेळतो, फलंदाज जास्तीत जास्त २० दिवस, पिचर ३० दिवस. संघ एक-दोन दिवस आधी जाहीर करतो आणि तिकिटं तासाभरात संपू शकतात, त्यामुळे संघाचे इशारे फोनवर चालू ठेवा.

सही हवी असेल तर दरवाजे उघडताच आत शिरा आणि डगआउटच्या (खेळाडू बसतात ती जागा) टोकाजवळ, फाउल लाइनच्या (मैदानाच्या कडेची रेषा) कठड्याशी थांबा. चेंडूवर निळ्या बॉलपेनने सही घ्या. मार्करची शाई चामड्यावर पसरते. मार्कर ठेवा कार्डासाठी.