जुने कॉम्बिनेशन रंधे: चारही घ्यावेत की एकच?

प्रश्न थोडक्यात असा: "तीन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो. ओळखीतल्या एका दिवंगत सुतारांची हत्यारं त्यांचे घरचे विकत आहेत. त्यात चार कॉम्बिनेशन रंधे आहेत, म्हणजे पाती बदलून खोबण, खाच, नक्षी अशी वेगवेगळी कामं करणारे: दोन स्टॅन्ली ४५, एक रेकॉर्ड ४०५ आणि एक स्टॅन्ली ५५. सुटे घेतले तर चारांची मिळून किंमत माझ्या घराच्या दोन महिन्यांच्या खर्चाएवढी होते. एकदम घेतले तर पाव भाग सूट, म्हणजे दीड महिन्याचा खर्च. अडीअडचणीसाठी साडेचार महिन्यांच्या खर्चाची मुदत ठेव आहे, ती मोडावी असं मनात आहे. दोन वापरीन, दोन पुढेमागे विकीन. जुन्या हत्यारांचे भाव चढतच असतात, त्यामुळे गुंतवणूकही होईल. कंपनीत पुनर्रचना चालू आहे, पण माझ्या विभागाला धोका दिसत नाही. काय करू?"

एकच घ्या. ४०५ पूर्ण असेल तर तो, नाहीतर दोन ४५ पैकी जो पूर्ण असेल तो. ५५ या वेळी राहू द्या. आणि मुदत ठेव मोडू नका, एका रंध्यासाठीसुद्धा नाही.

आधी त्या सवलतीबद्दल बोलतो, कारण तुमचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. चारही हवे असते तर पाव भाग सूट ही खरी बचत होती. तुम्हाला चारही नकोत, हे तुम्हीच लिहिलंय. दोन विकायचे म्हणजे तुम्ही अर्धा व्यापार करायला निघालात. मग व्यापाऱ्यासारखंच मोजायला हवं: साफसफाईचे तास, फोटो, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं, बिडाच्या जड वस्तूचं पॅकिंग आणि वाहतूक, वाटेत काही तुटलं तर त्याची भरपाई. बीड ठिसूळ असतं, पेटी आपटली की तडकतं. एवढं सगळं धरल्यावर त्या पाव भागातलं हाती काय उरेल? माझ्या मते फार काही नाही.

भाव चढतच असतात, हेही सरसकट खरं नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली कंपनीने ४५ हा रंधा १८८० च्या दशकात बाजारात आणला आणि १९६० च्या दशकापर्यंत तो बनत राहिला. इतकी वर्षं चाललेली वस्तू दुर्मीळ नसते. रेकॉर्ड ४०५ हा त्याचाच इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये बनलेला भाऊबंद. संग्राहक जादा पैसे मोजतात ते सुरुवातीच्या घडणीसाठी, मूळ पेटीसाठी, न झिजलेल्या निकेलच्या मुलाम्यासाठी, पात्यांच्या पुऱ्या संचासाठी. तुमच्या पत्रात यातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही. वापरून झिजलेला, चालू स्थितीतला रंधा चांगला राखला तर घेतलेल्या किमतीच्या आसपास विकला जाऊ शकतो. हा त्याचा मोठाच गुण आहे, कारण नव्या हत्याराची पहिली घसरण दुसऱ्या कोणीतरी आधीच सोसलेली असते. पण किंमत टिकणं वेगळं आणि पैसा वाढणं वेगळं. व्याज नाही, भाडं नाही, आणि विकायचा म्हटला तर गिऱ्हाईक कधी भेटेल याचा नेम नाही. त्याला हत्यार म्हणा. गुंतवणुकीच्या वहीत त्याचं नाव लिहू नका.

आता खरी किंमत. जुन्या कॉम्बिनेशन रंध्याची खरी किंमत त्याच्यात जे नाही त्यावर ठरते. हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. काही वर्षांपूर्वी एक ४५ घेतला. विकणारा म्हणाला, "एक छोटासा भाग नाही, तो कुठेही मिळेल." तो भाग म्हणजे डेप्थ स्टॉप, ठरलेल्या खोलीवर रंधा थांबवणारा अडसर. तो नसेल तर खोबणीची खोली दर वेळी डोळ्यांनी मोजावी लागते, म्हणजे रंधा घेण्याचं अर्धं कारणच संपतं. मिळेल त्या दुकानात विचारत फिरलो. या रंध्यांच्या स्क्रूंचे आटे नेहमीच्या बाजारी मापाचे नसतात, त्यामुळे साधा स्क्रू आणून बसवण्याची सोयही नाही. शेवटी आठ महिन्यांनी एका मोडक्या रंध्यातून तो भाग मिळाला. तोवर दोन लांब दांड्याही वेगळ्या घ्याव्या लागल्या होत्या. बेरीज केली तेव्हा लक्षात आलं, तेवढ्यात पूर्ण रंधा आला असता. शिवाय आठ महिने तो फळीवर पडून होता.

म्हणून जाताना भागांची यादी खिशात ठेवा. मुख्य अंग, सरकणारं अंग, फेन्स (लाकडाच्या कडेला टेकून रंधा सरळ ठेवणारी पट्टी), आखूड आणि लांब दांड्यांच्या जोड्या, डेप्थ स्टॉप, लांब दांड्या वाकू नयेत म्हणून लागणारा टेकू, सगळे अंगठ्याने फिरवायचे स्क्रू आणि पाती. दांड्या काचेवर लोळवून बघा, वाक असेल तर लगेच कळतो. दांड्या जिथे अंगात शिरतात त्या भोकांभोवती नख फिरवा, केसासारखी चीर तिथेच सापडते. डाग दिलेलं बीड दिसलं तर सरळ नाही म्हणा. सरकणारं अंग जोर न लावता सरकायला हवं. मग रंधा उलटा धरून एका टोकाकडून नजर लावा: दोन्ही तळपट्ट्या आणि फेन्स एकमेकांना समांतर आहेत का? लाकडाच्या रेषांना आडवं कापताना आधी तंतू तोडणारी चिमुकली तीन पाकळ्यांची सुरी, म्हणजे स्पर, बघा. तिची चौथी जागा मुद्दाम रिकामी असते, लाकडाच्या रेषांच्या दिशेने खोबण काढताना स्पर फिरवून ती रिकामी बाजू खाली आणायची. ती झिजून गेली असेल किंवा गंजून घट्ट बसली असेल, तर आडवी खाच काढताना कडा फाटणार हे धरून चाला.

पात्यांबाबत एक गंमतीची गोष्ट. संचातली बीडिंगची, म्हणजे कडेला गोलसर नक्षी काढायची, पाती बहुधा कोरी करकरीत सापडतात आणि सरळ पाती झिजून आखूड झालेली. आधीचा मालक काय वापरत होता हे त्यातून समजतं, आणि तुम्हीही तेच वापरणार आहात. सरळ पात्याची पाठ उजेडात धरा. धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर ते घासून जाईपर्यंत धार लागणार नाही. सोळा सुंदर नक्षीची पाती आणि खड्डे पडलेलं पाव इंची पातं, असा संच तुमच्या कामाचा नाही. आणखी एक: ही पाती इंचात आहेत. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तुम्ही ड्रॉवरच्या तळाला ६ मिलिमीटरचं प्लाय घालत असाल तर ते खोबणीत किंचित सैल बसेल. घन लाकडाचा तळ असेल तर प्रश्न नाही, त्याची कड खोबणीच्या मापाने तासता येते.

५५ का नको, तेही सांगतो. १८९७ मध्ये आलेलं हे यंत्र पाहताना कुणालाही मोह होईल, मलाही झाला आहे. पन्नासहून जास्त पाती, वरखाली होणारी तळपट्टी, कलणारा फेन्स. पण त्यात तुम्ही मुख्यत्वे पात्यांचे पैसे देता, आणि प्रत्येक वळणदार पात्याला धार लावायला त्या वळणाचा घासदगड लागतो. नक्षीदार चौकटी करणाऱ्याने ते जरूर घ्यावं. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी सहा ड्रॉवर आणि आठ पेट्या केल्या. ड्रॉवरला साधारण तीन खोबणी, पेटीला चार. म्हणजे अठरा आणि बत्तीस, वर्षाला पन्नास खोबणी. एवढं काम एकच रंधा आरामात करतो. खरं तर फक्त खोबणीसाठी रेकॉर्ड ०४४ सारखा साधा खोबणीचा रंधाही पुरला असता: भाग कमी, हरवायला कमी, जुळवायलाही सोपा. कॉम्बिनेशन घ्यायचं एकच पटणारं कारण म्हणजे फळ्या एकमेकींत बसवण्यासाठी एकीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ, असं दोन्ही काढायचं असणं. ते तुम्ही कपाटाच्या पाठीसाठी करणार आहात, म्हणून मी ४०५ ला हो म्हणतोय.

आता मुदत ठेव. साडेचार महिन्यांतून दीड गेले की तीन उरतात. पुनर्रचना चालू असलेल्या कंपनीत काम करणाऱ्याला मी उलट सहा महिन्यांपर्यंत जा असं सांगेन. तुमच्या विभागाला धोका दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण ही गंगाजळी दिसणाऱ्या धोक्यासाठी नसतेच. समजा नोकरी गेली आणि रंधे विकायची वेळ आली, तर तेव्हा तुम्हाला आठवड्यात पैसे हवे असतील आणि गिऱ्हाइकाला कसलीच घाई नसेल. नडलेल्या माणसाला भाव करता येत नाही. शिवाय मुदतीआधी ठेव मोडली की बहुतेक ठिकाणी व्याजात कपात होते, ती तुमच्या हिशेबात कुठेच नाही.

पेट्या विकून रंध्यांचे पैसे निघतील, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. आजवर तुम्ही एकच पेटी विकली आहे, तीही मित्राला. ते उत्पन्न आज शून्य धरा. तीन अनोळखी माणसांनी आगाऊ रक्कम देऊन पेट्या मागवल्या की मला पुन्हा लिहा, तेव्हा दुसऱ्या रंध्याचा विचार आनंदाने करू. एक खाचेसाठी आणि एक जिभेसाठी असे दोन जुळवून ठेवले की वेळ खरोखर वाचतो.

पैशांची सोय तुमच्याकडे जवळपास आहेच. ४०५ सुटा घेतला तर महिन्याच्या खर्चाच्या एक तृतीयांश, असं तुम्ही कळवलंय. छंदासाठी दरमहा एक दशांश बाजूला टाकता आणि दोन महिन्यांचे साठलेत. उरलेल्यासाठी, वर्षभर झाकून ठेवलेलं ते छोटं करवत-यंत्र विका. ते विकेपर्यंत त्या घरच्यांना थोडी आगाऊ रक्कम देऊन थांबायची विनंती करा. धार लावायचा चांगला दगड नसेल तर तोही याच रकमेत बसवा, नाहीतर रंधा घरी येऊन गप्प बसेल.

त्या कुटुंबाला एक गोष्ट मात्र सांगा. ५५ ची पाती त्यांच्या मूळ पेट्यांत असतील तर तो वेगळा, एखाद्या संग्राहकाला दाखवा म्हणावं. त्यांच्या माणसाने जन्मभर जपलेलं हत्यार घाऊक सुटीत जाऊ नये.

जाताना मऊ, सरळ रेषांच्या लाकडाचा हातभर तुकडा बरोबर न्या आणि तिथेच पाव इंची खोबण काढून बघा. सुरुवात लांबच्या टोकाकडून करा, थोडं थोडं मागे येत, फेन्स डाव्या हाताने लाकडाला दाबून. ढलपी अखंड वळत वर आली आणि डेप्थ स्टॉप टेकल्यावर रंधा आपोआप कापायचा थांबला, तर पैसे द्या. पातं सरकत असेल किंवा फेन्स हलत असेल, तर आभार मानून तोच तुकडा दोन्ही ४५ वर चालवून बघा.