अंदमानला डायव्हिंग करताना मोठा बॅराकुडा मागे लागला तर?

हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पहिल्यांदाच जाताय आणि बॅराकुडाचे व्हिडिओ बघून धास्तावलाय, असं तुम्ही लिहिलंय. डाइव्ह रद्द करू नका.

हा मासा दिसतोच भयंकर. दीड मीटरपर्यंत वाढतो, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड मिटलं तरी दात दिसतात. चंदेरी अंगावर शेपटीच्या बाजूला काळे डाग. एकटा असला की पाण्यात अगदी निश्चल उभा राहतो, तुमच्याकडे बघत. तुम्ही पुढे सरकलात की तोही सरकतो. त्यात तोंडाची उघडझाप चाललेली, त्यामुळे आता चावणार असंच वाटतं. खरं तर तो कल्ल्यांवरून पाणी खेळवत असतो, म्हणजे श्वास घेत असतो. पाठलागही कुतूहलापोटीच असतो.

तो शिकार करतो ती नजरेच्या जोरावर. म्हणून लखलखणारी साखळी, अंगठी, घड्याळ बोटीवरच काढून ठेवा. गढूळ पाण्यात तर नक्कीच, कारण तिथे ती चमक त्याला छोट्या माशासारखी वाटू शकते. त्याने माणसाला चावल्याच्या मोजक्या घटनांमध्ये बहुतेकदा अशी चमक किंवा भाल्याला टोचलेला मासा हे कारण निघतं. त्याला हात लावायला जाऊ नका, खायला घालू नका. हेकरूच्या, म्हणजे सापासारख्या लांबट मोरे ईल माशाच्या बाबतीतही तेच, कितीही थोराड असला तरी तो सहसा स्वतःहून कपारीत शिरतो.

मला विचाराल तर नजर ठेवायची ती टायटन ट्रिगरफिशवर. लांबी पाऊण मीटरच्या आत, पण दात शंख-खेकडे फोडणारे. एरवी त्याचा त्रास नसतो. वाळूत खळगा करून अंडी घातली की मात्र तो तुटून पडतो. पाठीवरचा काटा उभा झाला की समजा, इशारा मिळाला. अशा वेळी नवखे लोक घाबरून वर जातात आणि तिथेच फसतात. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, उलट्या शंकूसारखी. तेव्हा त्याच्याकडे तोंड ठेवून, पायातले फिन्स तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरून, आडवं लांब जा. इन्स्ट्रक्टरला डाइव्हच्या आधीच विचारा, सध्या घरटी कुठे आहेत.

आणि मोठा बॅराकुडा ताटात आला तर मात्र नको म्हणा. प्रवाळातल्या सूक्ष्म शैवालाचं विष लहान माशांमधून अशा मोठ्या शिकारी माशांत साठत जातं. त्याला वास नाही, चव नाही, शिजवून ते जात नाही. उलट्या-जुलाब होतात, ओठांना मुंग्या येतात, गार पाणी हाताला भाजल्यासारखं लागतं. काहींना हा त्रास कित्येक आठवडे पुरतो.