जो दारात उभा नाही, त्याचं काय?

“मॅडम, माझा स्वभाव मऊ आहे. हाताखालचे डोक्यावर बसतात, वरचे गृहीत धरतात. कडक कसं व्हायचं तेवढं शिकवा.”

वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, नव्यानेच मुख्याध्यापक झालेले गुरुजी, पतसंस्थेतला शाखाधिकारी, शब्द थोडे इकडेतिकडे करून सगळे मला हेच सांगतात. अधिकार हवा तर माणुसकी गुंडाळून ठेवावी लागते, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. त्यांना मी अलीकडे एका लान्सनायकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमच्या साताऱ्याकडे फौजी घरांचं अप्रूप नाही. अपशिंग्याचं तर नावच अपशिंगे मिलिटरी. पण फौजी माणूस समुपदेशकाकडे येणं हे मात्र अजून अप्रूपच. तोही आपणहून आला नव्हता, बायकोने आणला होता. “रजेवर आल्यापासून ह्यांना झोप नाही. रात्री दोनला उठून अंगणात येरझाऱ्या घालतात. काय झालं विचारलं, तर म्हणतात, तू झोप.” तो मान खाली घालून बसला होता. बूट मात्र आरशासारखे.

तो आर्मी सर्व्हिस कोअरचा. म्हणजे फौजेचं रेशन, इंधन आणि वाहतूक सांभाळणारं दल. ‘सेवा अस्माकं धर्मः’ हे त्यांचं ब्रीद. गावात पारावर एका चुलत्याने त्याला हटकलं होतं, “तू कुठं बंदूक चालवतोस? तू तर तांदूळ मोजतोस.” बायकोला वाटत होतं, तेच मनाला लागलं असणार. त्याने तो विषय हसून बाजूला सारला. खरं तर चुलत्याला उत्तर देण्यासारखं बरंच आहे. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. जवळपास पाच महिने त्यांनी गाव धरून ठेवलं. बाहेरून सुटका करायला आलेल्या फौजा पोचू शकल्या नाहीत, धान्य संपत गेलं, घोडे कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावं लागलं. तांदूळ मोजणारा काय करतो, ते अशा वेळी कळतं. असो.

त्याची नेमणूक लडाखमध्ये होती. तिकडे जाणारा एक रस्ता श्रीनगरहून झोजिला ओलांडून जातो, दुसरा मनालीहून. २०२० साली अटल बोगदा झाला आणि रोहतांग टळला, पण बारालाचासारख्या पुढच्या खिंडी हिवाळ्यात बर्फाने बंद होतातच. त्यामुळे पुढच्या हिवाळ्याचं धान्य, डबाबंद पदार्थ, रॉकेल असं सगळं उन्हाळ्यातच वर चढवून ठेवावं लागतं. एकदा बर्फ पडलं की गोदामात आहे त्यावरच दिवस काढायचे. विमानाने, हेलिकॉप्टरने सामान येतं, पण ते हवामानाच्या मर्जीने. अशा एका छोट्या गोदामाचा तो इन्चार्ज. दंडावर लान्सनायकाची फीत एकच, आणि हाताखाली चार-पाच जण, त्यातले दोघे वयाने त्याच्याहून मोठे. शेजारच्या तुकड्यांची माणसं ठरल्या दिवशी आपापला हिस्सा न्यायला यायची.

हिवाळा मध्यावर आला तेव्हा एक हवालदार संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. बुखारीसाठी जास्तीचं रॉकेल हवं होतं. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी शेगडी, तिच्यावरच खोल्या ऊबदार राहतात. माणूस वयाने मोठा, नोकरीने मोठा, आणि थंडी तर खरीच होती. याने दिलं. आठवड्याने तो परत आला. मग त्याचं ऐकून दुसरा आला. कोणालाच नाही म्हणवेना. लेजरला धक्का लागू द्यायचा नव्हता, म्हणून याने आपल्याच सेक्शनच्या हिश्श्यातून ते भागवलं. त्यांची बुखारी रात्री लवकर विझायला लागली. पोरं काही बोलली नाहीत. इन्चार्जच आपल्यासोबत कुडकुडतोय म्हटल्यावर बोलणार तरी काय?

सेक्शनमध्ये विदर्भातला एक नवा शिपाई होता. त्याची खाट दाराजवळ. एके दिवशी त्याच्या पायाची बोटं सुजून निळसर पडली. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी विचारलं, खोलीत रात्री बुखारी किती वेळ असते? पोरगा म्हणाला, “साहेब, आमची लवकर विझते.” सोबत गेलेला लान्सनायक तिथेच उभा होता.

बोटं पुढे बरी झाली. पण परत येताना याने विचारलं, अरे, मला का नाही सांगितलंस? त्यावर पोरगा म्हणाला, “तुमच्याकडे सगळेच मागतात. मी अजून कशाला?”

हे सांगून तो गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणून मॅडम, मला कडक व्हायचंय.”

मला ते पटलं नाही. रागावून, आवाज चढवून, दार लावून घेऊन त्या पोराच्या पायाला ऊब मिळाली नसती. याच्याकडे दया भरपूर होती. ती वाहत मात्र होती समोर येऊन मागणाऱ्याकडे. न मागणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं. पण गोदाम सांभाळणाऱ्याची खरी माणसं त्याला दिसतच नाहीत. ती वर कुठेतरी चौकीवर असतात, दाराजवळच्या खाटेवर असतात, किंवा पुढच्या महिन्यात बदलून येणार असतात. मऊ स्वभावाची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. रजा मागायला आलेल्या सिस्टरला इन्चार्ज बाई हो म्हणतात, आणि जी कधी मागत नाही तिची सलग तिसरी नाइट लागते.

“गोदामात आलेलं नवं पोतं कुठे ठेवता?” मी विचारलं.

“मागे. जुना माल पुढे. नाहीतर हाताशी येईल तेच लोक उचलतात आणि मागचं तसंच पडून राहतं.”

एवढं बोलून तो थांबला, बायकोकडे बघून ओशाळं हसला. पुढचं मला सांगावं लागलं नाही.

पण कळणं वेगळं आणि हवालदारासमोर तोंड उघडणं वेगळं. म्हणून मी विचारलं, असा एखादा प्रसंग आहे का, जिथे तुम्ही सरळ नाही म्हणता? तो लगेच म्हणाला, हो, नव्या पोरांना. उंचीवर नवीन आलेल्या माणसाला शरीर सरावेपर्यंत टप्प्याटप्प्याने वर नेतात. पहिल्या टप्प्याला सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांना चार-चार दिवस. सुरुवातीला विश्रांती सक्तीची. पण पोरं तरणी, त्यांना दुसऱ्याच दिवशी पोतं उचलून दाखवायचं असतं. “मी हात धरून खाली बसवतो. रुसला तर रुसला.”

“तिथे कडक व्हायला कोणी शिकवलं?”

“तिथे फुफ्फुसात पाणी भरतं, मॅडम. जीव जातो.”

“मग बंद खोलीत रात्रभर बुखारी पेटती ठेवून झोपलं तर?”

हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हवा खेळती नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. जास्तीचं रॉकेल देताना हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या क्षणी डोक्यात फक्त समोरच्याचा चेहरा होता. नव्या पोराचा रुसवा त्याला चालत होता, हवालदाराचा चालत नव्हता. मऊपणाच्या आत नाराजीची भीती बसली होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी माणसांपर्यंत आणलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती अशा ठिकाणी मला उपयोगी पडते. तिच्यात माणसाच्या मनातला हट्ट शोधून त्याला प्रश्न विचारायचे असतात. याचा हट्ट होता, एकही माणूस माझ्यावर नाराज होता कामा नये.

“नाराज झाला तर काय होईल?”

“बोलणार नाही.”

“मग?”

“लंगरमध्ये, जेवताना, टोमणे मारेल.”

“मग?”

तो बराच वेळ विचार करत राहिला. “मग काय... सोमवारी हिस्सा न्यायला यावंच लागेल त्याला.” आणि पहिल्यांदा मोकळेपणी हसला.

पुढच्या भेटीत सराव केला. हवालदार कोण होणार? बायको म्हणाली, मी होते. पदर खोचून ती दारात जाऊन उभी राहिली आणि टीव्हीवर ऐकलेल्या हिंदीत म्हणाली, “क्या यार, एक जरीकॅन की तो बात है. तू अपना आदमी है.” याने उत्तरादाखल कारणांची माळच लावली. साठा कमी आहे, वरून आदेश आहे, मागच्या वेळी ओरडा बसला... प्रत्येक कारण तिने खोडून काढलं. ती सगळीकडे घासाघीस करूनच भाजी घेत असणार, अशी माझी खात्री पटली.

तिने जे केलं तेच हवालदारही करणार होता. आपण पाच कारणं दिली की समोरचा सहावं विचारतो. म्हणून नकार एका वाक्यात द्यायचा आणि लगेच जे खरोखर करता येईल ते पुढे ठेवायचं. वाक्य त्याने स्वतः बनवलं, त्याच्या फौजी हिंदीत: “उस्ताद, सबका हिस्सा लग चुका है, ऊपर से नहीं मिलेगा. चलो, आपकी बुखारी देखता हूँ, तेल ज़्यादा क्यों पी रही है.” दुसरा भाग मला फार आवडला. बर्नरमध्ये काजळी धरली की बुखारी रॉकेल जास्त खाते आणि ऊब कमी देते, हे मला त्याच्याकडूनच कळलं. रॉकेल देऊन मोकळं होण्यापेक्षा उठून त्याच्या खोलीत जाणं जास्त कष्टाचं आहे, आणि जास्त आपुलकीचंही.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगितली. झालेला प्रकार रजेवरून परतल्यावर आपल्या सुभेदार साहेबांना सांगायचा. तो कचरला. “वाटेल, एवढंही सांभाळता येत नाही.” पण कमी पडतंय हे वर कळवणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. स्वतःच्या पोरांची ऊब कापून ते झाकणं हा नव्हता.

परत गेल्यावर त्याचे अधूनमधून फोन येत राहिले. सुभेदार साहेब आधी तापले, मग त्यांनी प्रत्येक तुकडीचा आठवड्याचा हिस्सा गोदामाच्या दाराशी फळ्यावर लिहायला लावला. मागणाऱ्यांपैकी निम्मे फळा बघूनच परत जायला लागले. हवालदाराची बुखारी याने उघडून साफ केली. तरी तो महिनाभर याच्याशी बोलला नाही, आणि आजही तुटकच बोलतो. याला त्याचा त्रास होतो. मी तो त्रास घालवायच्या मागे लागले नाही. बोचणारी गोष्ट बोचतच राहते आणि कामही होत राहतं. दाराजवळची खाट आता पाळीपाळीने बदलते, सुरुवात त्याने स्वतःपासून केली. रोज रात्री तो सेक्शनमधल्या एका माणसाशी बोलतो, तेही त्या दिवशी ज्याने काहीच मागितलं नाही अशाशी. अशाच एका बोलण्यात कळलं की विदर्भातल्या पोराच्या घरी वडिलांचं ऑपरेशन ठरलंय आणि त्याने रजेचा अर्जच केलेला नाही. तो अर्ज याने समोर बसून लिहून घेतला.

झोप पूर्ण सुधारली का? नाही. अजूनही एखाद्या रात्री जाग येते. पुन्हा आठवडेच्या आठवडे तसं व्हायला लागलं तर माझ्या फोनची वाट न बघता युनिटच्या डॉक्टरांना भेटायचं, असं आमचं ठरलं आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मराठीतही बोलतो, आणि सैन्यदलांतल्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झाला. हे मी मुद्दाम त्याच्या बायकोलाही सांगून ठेवलं. रात्री दोनला अंगणातल्या येरझाऱ्या तिनेच पाहिल्या होत्या.

परवा तिचा फोन आला, तेव्हा मला वाटलं याचंच काही असेल. तर म्हणाली, “मॅडम, पुढच्या रजेत परत येतो दोघं. आता माझी पाळी. सासूबाई काही मागतात, माझ्या तोंडून नाही निघतच नाही.”

सासूबाई कोण होणार, ते त्यांचं आधीच ठरलं होतं. तो तयार आहे.