‘आभासी वास्तव’ हा वदतोव्याघात आहे का?

प्रश्न असा : ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ला (थोडक्यात ‘व्हीआर’ : डोळ्यांवर हेडसेट लावून संगणकाने रचलेल्या जगात वावरण्याचं तंत्र) वर्तमानपत्रं ‘आभासी वास्तव’ म्हणतात. आभास असेल तर ते वास्तव कसं?

शंका रास्त आहे. शाळेत प्रकाशाच्या धड्यात हे दोन शब्द आपण विरुद्धार्थी म्हणूनच शिकलो : पडद्यावर घेता येते ती वास्तव प्रतिमा, आरशात दिसते ती आभासी. पण तोच धडा इथे उपयोगी पडतो. व्हीआर हेडसेटचा पडदा डोळ्यांपासून जेमतेम काही सेंटीमीटरवर असतो. नुसता पाहिला तर धूसर दिसेल. मधली भिंगं त्याची मोठी, आभासी प्रतिमा लांबवर उभी करतात. शिवाय दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं मिळतात आणि मान वळवली की दृश्यही वळतं. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलंड यांनी १९६८च्या सुमारास हे करून दाखवलं, तेव्हा ते जड यंत्र छताला टांगावं लागे.

म्हणजे ‘आभासी’ चोख बसला. ‘वास्तव’चं काय? वेदान्तातला दोरीवरचा साप दिवा आणला की नाहीसा होतो. व्हीआरमध्ये पायाखाली दिसणारी, गगनचुंबी इमारतीवरून बाहेर आलेली फळी तशी जात नाही! आपण घरच्या फरशीवर उभे आहोत हे पक्कं ठाऊक असूनही पाय लटपटतात. म्हणून मला ‘भ्रम’ किंवा ‘मायाजाल’ हे पर्याय पटत नाहीत. इंग्रजी ‘व्हर्च्युअल’चा एक जुना अर्थही ‘नावाला नसलेलं, परिणामाने असलेलं’ असाच आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत याच गुणावर उंचीच्या भीतीचे उपचार सुरू झाले : आभासी उंची आणि खरी भीती, हळूहळू सवय होईपर्यंत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांना ड्रेसिंग करताना व्हीआरमधल्या बर्फाच्या दरीत फिरवलं; त्यांना वेदना कमी जाणवल्या.

‘आभासी वास्तविकता’ हिंदीतून आली आहे. मराठीत ‘वास्तव’ हे नाम असताना तिची गरज नाही. बोलताना अर्थात सगळे ‘व्हीआर’च म्हणतात, म्हणोत.

माझी तक्रार आहे ती करोनाकाळात रुळलेल्या ‘आभासी बैठकी’बद्दल. तिथे माणसं खरी, विषय खरे, वाया गेलेला वेळ तर अगदीच खरा. तिला सरळ ‘ऑनलाइन बैठक’ म्हणावं.