‘फास्ट’ला ‘फर्म’ लिहिलं तर चूक का?

प्रश्न: नववीतल्या माझ्या मुलीने ‘फास्ट’चा समानार्थी शब्द ‘फर्म’ लिहिला, बाईंनी चूक दिली. या शब्दाचे नेमके अर्थ किती? आणि समानार्थी शब्द पाठ कसे करून घ्यावेत?

उत्तर: नुसता शब्द विचारला असेल, तर तुमच्या मुलीचं बरोबर आहे. मग वही घेऊन शाळेत जा आणि बाईंना नीट सांगा. ‘फर्म’ म्हणजे घट्ट, पक्का, आणि जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणजेही तेच: घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. ‘जलद’ हा अर्थ त्याला नंतर येऊन चिकटला.

मी सोलापुरात डाईंग मास्टर आहे. घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि उमेदीची सगळी वर्षं टॉवेलचं सूत रंगवण्यात गेली. याच एका शब्दावरून मला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. परदेशी पार्टीची ऑर्डर होती. पांढरा टेरी टॉवेल, दोन्ही टोकांना नेव्ही ब्लू पट्टा. मेल सगळे मालकांच्या पुतण्याकडे यायचे. पोरगा इंग्लिश मीडियमचा, फोनवर फाडफाड बोलायचा. मेलमध्ये ओळ होती, ‘प्लीज एन्शुअर द नेव्ही इज फास्ट’. तो डाय हाऊसमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या खात्यात, आला आणि म्हणाला, “मास्तर, नेव्ही आधी काढा, पार्टीला घाई आहे.”

मी म्हटलं, “मेल दाखवा की जरा.” वाचला. म्हटलं, “अहो, घाईचं काही लिहिलेलं नाही यात. रंग पक्का पाहिजे म्हणतोय तो. पट्टा पांढऱ्याला लागून आहे, रंग सुटला तर अख्खा टॉवेल वाया जाईल.”

“मास्तर, इंग्रजीचं माझ्यावर सोडा. तुम्ही रंगाचं बघा.”

मी रंगाचंच बघत होतो. कॉटनला लावतात तो रिअॅक्टिव्ह रंग सगळाच्या सगळा सुताला धरत नाही. त्यातला काही भाग पाण्याशीच संयोग पावतो आणि सुतावर नुसता बसून राहतो. तो काढायला उकळत्या पाण्यात सोपिंग, म्हणजे साबण घालून धुणं, मग गरम धुलाई, मग थंड, पाणी नितळ येईपर्यंत. नेव्हीसारख्या गडद शेडला हे जास्तच करावं लागतं. आणि ज्याला वेळ वाचवायचा असतो त्याला कापायला हाच टप्पा सापडतो. वरून हुकूम आला आणि सोपिंग कापलं गेलं. सूत वाळल्यावर दिसायला झकास दिसत होतं. कोरडा असेपर्यंत गडद रंग कुणाला कळू देत नाही.

पहिले टॉवेल लूमवरून उतरले तसा मी पांढऱ्या कापडाचा तुकडा ओला केला आणि अंगठ्याखाली धरून पट्ट्यावर घासला. कापडावर अंगठ्याएवढा निळा डाग उठला, कडेला गडद, मध्ये फिका. तोवर माल बराच विणून झाला होता. मग लॅबचा रिपोर्ट आला. या तपासणीत रंग किती उतरला हे ग्रे स्केलवर मोजतात, १ ते ५, ५ म्हणजे उत्तम. पार्टीला ४ हवा होता, आमचा आला २.

मीटिंगमध्ये ठपका डाय हाऊसवर. पुतण्या सगळ्यांसमोर म्हणाला, “मराठी मीडियमच्या माणसांना मेल कळत नाहीत, म्हणून हे होतं.” मी रिपोर्ट त्याच्यापुढे सरकवला आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘कलर फास्टनेस टू वॉशिंग’. म्हटलं, “हाच शब्द आहे. धुतल्यावर रंग किती पक्का राहतो त्याची ही टेस्ट.” तो गप्प बसला. मालकही गप्प बसले. उरलेलं सूत परत सोपिंगला घ्यायला सांगितलं, आणि विषय मिटला. माझ्यापुरता मिटलेला नाही. त्या पोराला ‘फास्ट’चे समानार्थी शब्द विचारले असते तर क्विक, रॅपिड, स्विफ्ट, स्पीडी, एका दमात म्हणून दाखवले असते. माझ्याकडे यादी नव्हती, पण ‘फास्ट कलर’ हे शब्द मी पोरवयात पहिल्यांदा डाय हाऊसमध्ये शिरलो तेव्हापासून ऐकत आलोय.

आता अर्थांचं. घट्ट हा अर्थ धरून चाला, बाकीचे बरेचसे आपोआप जुळतात. ‘फास्टन’ म्हणजे बांधणं, आवळणं, विमानात पट्टा बांधायला सांगतात तो शब्द. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. ‘स्टक फास्ट’ म्हणजे असा रुतलेला की हलत नाही. ‘हार्ड अँड फास्ट रूल’ म्हणजे न वाकणारा नियम. उपवासाचा ‘फास्ट’सुद्धा याच घरातला, कारण तिथे माणूस नियम घट्ट धरून बसतो. आपणही एकादशी धरतोच. तो सोडायचा तो ‘ब्रेकफास्ट’.

मग घट्टचा जलद कसा झाला? याला मराठीतच चांगलं उदाहरण आहे. ‘दोरी जोरात धर’ आणि ‘जोरात पळ’. पहिल्यात जोर म्हणजे ताकद, दुसऱ्यात त्याचाच वेग झाला. इंग्रजीत तसंच झालं. घट्ट, नेटाने धरणं, मग नेटाने पळणं, मग नुसतंच वेगाने. तुमच्या मुलीला हे एकदा सांगा, जन्मात विसरणार नाही. आणि ‘पक्का’ शब्द हाताशी ठेवा: पक्का रंग, पक्का मित्र, दोन्हीकडे इंग्रजीत ‘फास्ट’ चालतो.

जलदच्या बाजूचे शब्दही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘क्विक’ म्हणजे थोडक्या वेळात आटोपलेलं, ‘फास्ट’ म्हणजे वेग जास्त. म्हणून गाडी ‘फास्ट’ आणि उत्तर ‘क्विक’. ‘रॅपिड’ बहुतेक वाढ, बदल, नाडी अशा गोष्टींना लागतो. घड्याळ ‘फास्ट’ असेल तर ते पुढे गेलेलं असतं. आणि ‘फास्टली’ असा शब्द नाही, ‘ही रन्स फास्ट’ एवढंच.

म्हणून पाठांतराच्या याद्या मला पटत नाहीत. दहा समानार्थी शब्द एका ओळीत लिहून घेणारे क्लासवाले तोंड चालवायला शिकवतात, वाचायला नाही. शब्द त्याच्या सोबत्यासकट शिकवा: फास्ट कलर, फास्ट ट्रेन, फास्ट अस्लीप. घरात औषधाच्या बाटलीवर, कपड्याच्या लेबलवर, बसच्या पाटीवर इंग्रजी असतं, ते तिला वाचायला लावा आणि ‘इथे याचा अर्थ काय’ एवढंच विचारा. चुकली तर हसू नका. आणि मराठी मीडियम म्हणून कुणी तिला गप्प करायला लागलं तर तिने पान पुढे ठेवून बोट ठेवावं, एवढी सवय आत्तापासून लावा.

एक राहिलं. प्रश्नात नुसता शब्द होता की वाक्य, हे तुम्ही लिहिलेलं नाही. वाक्य ‘द हॉर्स रन्स फास्ट’ असं काही असेल तर ‘फर्म’ तिथे बसत नाही आणि बाईंनी दिलेली चूक बरोबर आहे. नुसता शब्द असेल तर मात्र मार्क मागून घ्या. आणि बोर्डाच्या परीक्षेपुरती क्विक, रॅपिड, स्विफ्ट ही यादीही तिच्याकडून करून घ्या, कारण तपासणारे बहुतेक तीच शोधतात.