कम्युनिस्ट राजवट युनियननेच संपवली, मग पोलंडमधल्या युनियन इतक्या कमजोर कशा झाल्या?

व्रोत्सवाफमध्ये नोकरीला होतो तेव्हा मलाही हेच कोडं पडलं होतं. युनियननं राजवट उलथवलेल्या देशात आमच्या कंपनीत युनियनचा पत्ताच नव्हता!

1980 च्या ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात संप झाला, त्यातून 'सॉलिडॅरिटी' ही युनियन उभी राहिली आणि वर्षभरात तिचे सुमारे 1 कोटी सभासद झाले. 1989 मध्ये तिचाच माणूस, माझोव्हिएत्स्की, पंतप्रधान झाला. माझ्या मते घोळ इथूनच सुरू होतो. 1 जानेवारी 1990 पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांनी एका फटक्यात बाजार खुला केला. भाव भडकले, नोकऱ्या जायला लागल्या. पण सरकार आपलंच, म्हणून युनियनने त्याच्यावर छत्री धरली. भांडायचं तरी कुणाशी?

त्यात 'पोपिव्हेक' नावाचा कर. सरकारी कारखान्याने ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार वाढवले, तर त्या जादा रकमेच्या कित्येक पट कर भरावा लागे. म्हणजे साहेबांच्या मनात असलं तरी पगारवाढ देणं परवडायचं नाही. 1991 पासून खासगी कंपन्यांना यातून सूट मिळाली. मग काय, काही ठिकाणी कामगारच म्हणू लागले, आमचा कारखाना खासगी करून टाका!

खासगी होताना हातातलं खरं हत्यार गेलं. 1981 च्या कायद्यामुळे सरकारी कारखान्यांत कामगारांनी निवडलेली परिषद असायची आणि डायरेक्टर नेमण्या-काढण्यात तिचा शब्द चालायचा. 1989 नंतर काही परिषदांनी कम्युनिस्ट पक्षाच्या मर्जीतल्या जुन्या डायरेक्टरांना घरी बसवलंही. डायरेक्टर, परिषद आणि युनियन यांच्या ओढाताणीला लोक 'बर्म्युडा त्रिकोण' म्हणत. 1990 च्या खासगीकरण कायद्याने कारखान्याची कंपनी झाली की परिषद बरखास्त. बदल्यात कामगारांना कंपनीच्या देखरेख मंडळावर काही जागा आणि 20 टक्क्यांपर्यंत शेअर निम्म्या भावात. घरात चणचण असताना शेअर किती दिवस कपाटात ठेवणार?

1993 मध्ये सॉलिडॅरिटीच्याच खासदारांनी अविश्वास ठराव आणला आणि पंतप्रधान सुखोत्स्का यांचं सरकार एका मताने पडलं. पुढच्या निवडणुकीत जिंकले कोण, तर जुने कम्युनिस्ट.

खाणी, रेल्वे इथे युनियनचा दरारा अजून आहे. नव्याने निघालेल्या कंपन्या आणि सुपरमार्केटमध्ये मात्र ती रुजलीच नाही. कायद्याने 10 जण पुरतात, पण पहिलं नाव द्यायला कुणी पुढे येत नाही. आमच्याकडे तर मी असेपर्यंत तो विषयही कुणी काढला नाही.