बाई, तुम्ही खरंच घोडीवरून शाळेत यायचात?

गेल्या अंकात एका पालकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की माझ्या पहिल्या शाळेला मी घोडीवरून जात असे. त्या एका वाक्याने पत्रांचा ढीग लागला. तेव्हा गुणपत्रिका, शिकवण्या आणि मोबाइलचा हट्ट हे आपले नेहमीचे प्रश्न या महिन्यात बाजूला ठेवते.

प्रश्न : बाई, मी तुमचा वाडीतल्या शाळेचा विद्यार्थी, आता डोंबिवलीला असतो. स्मरणिकेत तुमच्यावर लेख लिहितोय. शीर्षक ठरवलंय, 'आमची झाशीची राणी'. घोडीबद्दल थोडं सांगाल का?

शीर्षक आधी खोड. राणीच्या सासरचं, नेवाळकरांचं मूळ गाव लांज्याजवळचं कोट, म्हणजे ती आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची सून. एवढं नातं पुरे. तिच्या मागे इंग्रज लागले होते, माझ्या मागे फार तर हजेरीपट.

माझी नेमणूक १९८१ ची. एकशिक्षकी शाळा, वाडीला रस्ता नाही. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून सडा, म्हणजे कातळाचं पठार, ओलांडून साडेसहा किलोमीटर. दोन वर्षं चालले. त्याचं कौतुक नको, आपल्या दापोली तालुक्यात चालण्याची परंपरा मोठी आहे. अण्णासाहेब कर्वे मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी चालत गेले आणि वय लहान दिसतं म्हणून तिथे त्यांना बसूच दिलं नाही! माझी अडचण साधी होती. मी घामाघूम पोचेपर्यंत निम्मी मुलं गुरांमागे निघून गेलेली असत. तो एक तास वाचवायला घोडी घेतली.

बसायला कुठे शिकलात, असं तुम्ही सगळे विचारता. माझं आजोळ अलिबागचं. मामाच्या शेजारी टांगेवाले राहायचे. मे महिन्यात त्यांची घोडी समुद्रावर धुवायला न्यायची आणि येताना बिनखोगीर वर बसायचं, एवढंच शिक्षण. पुढे रिक्षा आल्या, टांगे बंद पडायला लागले, आणि त्यांतल्याच एकाने १९८३ मध्ये मला दीड हजाराला ही घोडी दिली. रंग कुम्मैत, म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा, तीन पाय पांढरे. चौथाही पांढरा असता तर पंचकल्याणी म्हणून किंमत तिप्पट झाली असती. एक पाय काळा राहिला म्हणून ती मास्तरणीला परवडली. तुम्ही पोरांनी हिशेब करून तिला 'चारकल्याणी' केलंत, पुढे नुसती कल्याणी उरली.

लेखात काही टाकायचंच असेल तर तो तक्ता टाक. आठवतो? जूनमध्ये तिच्या पुढच्या खुरावर, केसांच्या रेषेला लागून, नेलपॉलिशची खूण केली होती. दर महिन्याला पट्टी लावून ती किती खाली सरकली ते लिहायचं आणि पुसट झाली की तिथेच पुन्हा रंगवायची. मार्चपर्यंत खूण सात सेंटिमीटरच्या पुढे गेली. मग कोणीतरी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर खूण केली, मग सगळ्यांनीच. नख महिन्याला तीन मिलिमीटर, खूर आठ. सरासरी, आलेख, गुणोत्तर, सगळं एका तांबड्या बाटलीत झालं. त्याच महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, 'शाळेच्या आवारात जनावर बांधू नये.' तक्ता त्यांनी पाहिला नाही. मी दाखवलाही नाही, तेव्हा जरा तापट होते.

आणि एक. घोडी चार वर्षं होती. १९८७ ला डांबरी रस्ता झाला, वस्तीची एसटी आली, आणि कल्याणी माझ्या घरी माडाखाली निवृत्त झाली. शिकवलं मी तेहतीस वर्षं. त्यांतल्या एकोणतीस वर्षांबद्दल मला आजवर एकाही पत्रात कोणी काही विचारलेलं नाही.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो. रत्नागिरीजवळ दोन एकर आहे. मारवाडी घोडा घ्यायचा विचार आहे. कोकणात घोडा टिकतो का? (एक वाचक)

टिकतो, पण तुम्ही टिकाल का ते पाहा. घोड्याला थंडी चालते, ओल चालत नाही. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. खुराच्या तळाशी मऊ त्रिकोण असतो, तो ओलीत काळा पडून कुजायला लागतो. वास एकदा घेतलात की विसरणार नाही. तेव्हा ठाण उंचावर हवं, जमीन उताराची, खाली भाताचं तूस, आणि रोज चारही खूर उचलून आकडीने साफ. दांडी मारायची सोय नाही.

खाणं. तीनशे किलोच्या घोड्याला रोज सहा किलोच्या आसपास सुका चारा लागतो. भाताच्या पेंढ्यात दम नसतो. सड्यावरचं गवत ऑक्टोबरात कापून, वाळवून त्याची वर्षाची बेगमी करावी लागते. बुरशी धरलेली पेंढी गाय एक वेळ खपवून घेईल, घोडा नाही. चंदीला, म्हणजे घोड्याच्या दाण्याला, भिजवलेला हरभरा किंवा शिजवलेले कुळीथ. मी कुळीथ शिजत घातले की शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "आज पिठी कोणाला, घरच्यांना की कल्याणीला?"

धनुर्वाताची लस दरवर्षी न चुकता टोचा. या रोगाला घोडा फार नाजूक. पावसाळ्यात चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा होतो. ताप येतो-जातो, जनावर खाऊनही वाळतं, पायांना सूज येते. असं दिसलं तर वाट न पाहता रक्त तपासून घ्या.

शेवटी नालबंद. जांभ्याच्या कातळावर बिननालाचा खूर पाटीवरच्या पेन्सिलीसारखा झिजतो आणि दीड-दोन महिन्यांनी नाल बदलावे लागतात. आमचा लोहार बैलांना नाल ठोकायचा. मी त्याला अलिबागला पाहिलेलं सांगत गेले, तो ठोकत गेला. दुसऱ्याच खेपेला एक खिळा आतल्या जिवंत भागात गेला. तिने पाय आखडला तेव्हा मीच म्हटलं, "नखरे करते, ठोक." तीन आठवडे लंगडली बिचारी. तेवढे दिवस मी चालत शाळेत गेले आणि वाटेत भेटेल त्याला कारण सांगत गेले. घोडा आणण्याआधी नालबंद शोधा, नाहीतर सगळं होऊन घोडं तिथेच पेंड खाईल.

प्रश्न : वय ४३, प्राथमिक शिक्षिका. आता बसायला शिकता येईल का? (गुहागर)

येईल. पहिला महिनाभर लगाम हातात घेऊ नका. शिकवणाऱ्याने घोडा लांब दोरीवर गोल फिरवावा, तुम्ही नुसती मांड बसवा. तोल सावरायला लगाम ओढणारा माणूस घोड्याचं तोंड फाडतो. चढायचं डाव्या बाजूने. तलवार डाव्या कमरेला असायची तेव्हापासूनची ही रीत. तुमच्याकडे तलवार नसली तरी घोड्याला तीच सवय असते. समुद्रावर रपेट मारायची तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत पायाच्या शिरा दुखावतात. लोक हसतील. मला पहिले सहा महिने हसले, मग पोरांना माझ्या मागे बसवून द्या म्हणून आले.

प्रश्न : आमचे दोन घोडे समुद्रावर पर्यटकांसाठी चालतात. एक अधूनमधून खाणं टाकतो, पोटाकडे वळून बघतो, पाय आपटतो. गोडेतेल पाजू का? (रायगड जिल्हा)

अजिबात नको. हे छापून यायची वाटही पाहू नका, जनावरांच्या डॉक्टरला आजच बोलवा. हा पोटशूळ आहे. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं बाहेर यायला एकच वाट. नाकतोंड वर करून ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं तर तेवढ्यावरही दगावतो. डॉक्टर येईपर्यंत चारा काढून घ्या. वाळूवर चारा टाकत असाल तर पोटात वाळू साठली असण्याचा दाट संभव. ताजी लीद बादलीभर पाण्यात कालवून थांबा, तळाशी वाळू बसली की कळेल. ती बादली डॉक्टरांनाही दाखवा. इथून पुढे चंदी तोबऱ्यातून, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीतून, आणि चारा उंच गव्हाणीत.

प्रश्न : बाई, घोडी उभ्याने झोपते का? मी चौथीत आहे. (दापोली)

हो बाळा. तिच्या पायांच्या सांध्यांना कुलूप लावल्यासारखी सोय असते, त्यामुळे ती उभ्याने डुलकी काढते आणि पडत नाही. पण गाढ झोपेसाठी तिला आडवंच व्हावं लागतं, तेही थोडाच वेळ. दिवसभरात सगळी मिळून तिची झोप तीनेक तासांची. आणि जिथे भीती वाटते तिथे ती आडवी होत नाही.

कल्याणी मे महिन्यात आली. शाळा सुरू झाली तशी दिवसा ती शाळेच्या पडवीत बांधलेली असायची. कायम उभी, कान सारखे फिरत. पत्रा वाजला की दचकायची. जूनच्या शेवटी एका दुपारी मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते आणि मागे एकदम शांतता झाली. वळले तर घोडी तुसावर आडवी, मान टाकलेली, चारही पाय पसरलेले. पहिलीतली एक मुलगी रडायला लागली, तिला वाटलं मेली. मग पोट हललेलं दिसलं. सर्वांत वांड पोरगा होता त्याने तोंडावर बोट ठेवलं आणि त्या दिवशी अख्ख्या वर्गाने बाराचा पाढा कुजबुजत म्हटला.